जुन्या रॅमशेजारी नवी रॅम नांदेल का?

प्रश्न : माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे अल्बम ज्या डेस्कटॉपवर करतो, त्यात ८ जीबीच्या दोन स्टिक, म्हणजे एकूण १६ जीबी डीडीआर४ रॅम आहे, ३२०० स्पीडची. फोटोशॉप आणि क्रोम एकदम उघडले की मशीन अडखळतं. बोर्डावर दोन स्लॉट रिकामे आहेत. दुकानदार म्हणतात, "कुठलीही ३२००ची टाका, चालते." भाचा म्हणतो, "मामा, दोन वेगळी किट एकत्र लावायची नसतात." कोणाचं ऐकू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दोघांचंही ऐका, कारण दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत. 'मशीन चालू होईल का?' याचं उत्तर दुकानदारांनी दिलं आहे आणि बहुतेक वेळा ते बरोबर ठरतं. 'खोक्यावर छापलेल्या स्पीडला, न अडखळता, रोज चालेल का?' ही भाच्याची काळजी आहे आणि तीही रास्त आहे. रॅमची सरमिसळ झाली की चर्चा बहुधा या दोन प्रश्नांचा गुंता करूनच होते. तो आधी सोडवू.

जे मुळीच जमत नाही ते प्रथम बाजूला काढू. डीडीआर४ आणि डीडीआर५ एकत्र चालत नाहीत. दोन्हींना २८८ पिनाच असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीची स्टिक स्लॉटमध्ये बसतच नाही. म्हणून स्टिक बसत नसेल तर जोर लावू नका. जुन्या बाजारात सर्व्हरमधून काढलेली 'रजिस्टर्ड' रॅम कधी कधी फार स्वस्तात मिळते. ती दिसायला तशीच असली तरी साध्या डेस्कटॉपच्या बोर्डावर चालत नाही.

आता तुमच्याकडे आहे ती डीडीआर४. प्रत्येक स्टिकवर एक छोटी चिप असते, तिला एसपीडी म्हणतात. आपली क्षमता किती, स्पीड कोणता, टायमिंग काय याची नोंद तिच्यात असते. मशीन सुरू होताना बायोस सगळ्या स्टिकांच्या नोंदी वाचतो आणि सगळ्यांना झेपेल असा एक स्पीड ठरवतो. लेझीम पथकात नवशिक्याला जमेल तोच ठेका सगळ्यांना धरावा लागतो, तसंच हे. ३२००च्या शेजारी २६६६ची स्टिक लावली, तर चारही स्टिका २६६६नं चालतात. वेगवान स्टिक मंद स्टिकेला ओढून नेत नाही आणि प्रत्येकीचा स्पीड वेगळा असंही होत नाही.

"मग दोन्ही ३२००च्याच घेतल्या की झालं!" असं वाटेल. पण ३२०० हा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. उरलेली गोष्ट लेबलवरच्या सीएल या अक्षरांपुढे असते. मागितलेली माहिती हाती यायला घड्याळाचे किती ठोके लागतात, ते तो आकडा सांगतो. ३२००ला सीएल१६ असेल तर हा वेळ १० नॅनोसेकंद होतो आणि सीएल२२ असेल तर १३.७५. दोन्हींच्या लेबलवर ३२०० छापलेलं असतं, दुकानदारही दोन्हींना ३२००च म्हणतो, पण त्यांचा स्वभाव वेगळा असतो. एकत्र लावल्यावर मंद टायमिंग सगळ्यांना लागू होतं. अल्बमच्या कामात हा फरक सहसा हाताला जाणवणार नाही.

खरी अडचण येते ती एक्सएमपीमुळे. डीडीआर४च्या ठरलेल्या मानकापेक्षा जास्त वेगानं चालण्यासाठी कंपनीनं स्टिकमध्ये भरून दिलेली ही तयार सेटिंग असते. बायोसमध्ये जाऊन ती सुरू करावी लागते. तिच्यात बहुधा १.३५ व्होल्ट लागतात, तर साध्या डीडीआर४ला १.२ व्होल्ट पुरतात. वेगवेगळ्या किट असताना एकीची एक्सएमपी सुरू केली की तीच टायमिंग आणि तेच व्होल्टेज दुसरीवरही लादलं जातं. दुसरीला ते मानवलं तर ठीक. नाही तर स्क्रीन काळी राहते किंवा काम चालू असताना निळी पडते. एक्सएमपी बंद असेल तर हीच जोडी बहुधा निमूट चालते.

पुढचा गैरसमज असा की, कंपनी आणि मॉडेल तेच घेतलं की प्रश्न मिटला. त्यानं शक्यता वाढते, खात्री मिळत नाही. मेमरी चिप मुख्यतः सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. रॅमवर ज्यांचं नाव असतं त्यातल्या बऱ्याच कंपन्या या चिप विकत घेऊन स्टिकवर बसवतात. काही वर्षांत चिपचा पुरवठादार बदलतो, मॉडेलचं नाव मात्र तेच राहतं. कॉर्सेअर आपल्या लेबलवर व्हर्जन नंबर छापते, त्यावरून आतली चिप बदलल्याचा अंदाज येतो. किट म्हणून विकलेल्या स्टिका मात्र कंपनीनं एकत्र चालवून पाहिलेल्या असतात. तेव्हा किट घेताना आपण त्या तपासणीचेही पैसे मोजतो. दोन किट एकत्र केल्या की त्या चौघींची मिळून तपासणी कोणीच केलेली नसते. भाच्याच्या म्हणण्यात तथ्य आहे ते इथे.

शिवाय चार स्टिका म्हटलं की जास्त भार आलाच, मग त्या एकसारख्या का असेनात. सर्वसाधारण डेस्कटॉपमध्ये मेमरीचे दोन चॅनल असतात आणि प्रत्येकावर दोन स्लॉट. एका चॅनलवर दोन स्टिका बसल्या की त्याच तारांवरून दोघींचा संकेत सांभाळण्याचं काम प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवर पडतं. डीडीआर५मध्ये हे ठळकपणे दिसतं. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत दोन स्टिकांसाठी कंपनीनं ५२००चा स्पीड जाहीर केला आहे, चार स्टिकांसाठी तोच ३६००वर येतो. डीडीआर४मध्ये फरक इतका मोठा नसतो, पण दिशा तीच.

ड्युअल चॅनलबद्दलही एक भीती असते, की वेगळ्या कंपनीची स्टिक लावली तर तो बंद पडतो. तसं नाही. ड्युअल चॅनलसाठी दोन्ही चॅनलवर सारखी जीबी असणं महत्त्वाचं असतं, कंपनी नव्हे. समजा एकीकडे ८ आणि दुसरीकडे १६ जीबी आहे, तरी अनेक बोर्ड दोन्हीकडची ८-८ ड्युअल चॅनलमध्ये चालवतात आणि उरलेली ८ एकेरी. तुमच्या जुन्या दोन स्टिका बहुधा प्रोसेसरपासून मोजल्यास दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये असतील. नवी जोडी पहिल्या आणि तिसऱ्यात जाईल, म्हणजे प्रत्येक चॅनलवर एक जुनी, एक नवी. आणि हो, योग्य प्रकारची पण न जुळणारी रॅम लावल्यानं बोर्ड जळत नाही. मशीन सुरू झालं नाही तर नव्या स्टिका काढा, ते पूर्ववत होईल. तरीही अडलं तर बायोसची सेटिंग मूळपदावर आणा. बोर्डावरचा नाण्याएवढा सेल थोडा वेळ काढून ठेवला की ते साधतं. मात्र त्याआधी वीज बंद करून प्लग काढायला विसरू नका.

आता तुमचा निर्णय. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केलं की सध्या कोणता स्पीड चालू आहे ते दिसेल. तिथे २१३३, २४०० किंवा २६६६ दिसलं, तर तुमची एक्सएमपी बहुधा बंद आहे आणि छापील ३२०० तुम्ही आजवर वापरलेलेच नाहीत. तसं असेल तर दुकानदारांचं ऐका. जुन्या लेबलाशी शक्य तितकी जुळणारी ८ जीबीची जोडी घ्या आणि एक्सएमपी बंदच ठेवा. ३२००च दिसत असेल, तर सीएलचा आकडाही जुळवून घ्या आणि गरज पडल्यास स्पीड एक पायरी खाली आणायची तयारी ठेवा. कमी स्पीडची ३२ जीबी तुमच्या फोटोशॉपला जास्त स्पीडच्या १६ जीबीपेक्षा कधीही बरी, कारण रॅम संपली की मशीन तोच डेटा डिस्कवर ठेवू लागतं आणि अडखळणं सुरू होतं ते त्यामुळेच.

बसवल्यावर एक काम टाळू नका. पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. त्यात एकही चूक निघता कामा नये. "फक्त दोनच निघाल्या" असं म्हणून पुढे जाऊ नका, कारण त्या दोन चुका गिऱ्हाइकाच्या फाइलमध्ये उतरू शकतात. चूक निघाली तर स्पीड एक पायरी उतरवून पुन्हा तपासा. तरीही निघाली तर स्टिका परत करा. त्यासाठी दुकानदारांशी व्यवहार ठरवतानाच 'जुळली नाही तर परत घ्याल ना?' हे विचारून ठेवा आणि बिलावर तसं लिहून घ्या. ते नाही म्हणाले, तर भाच्याचं ऐका. १६ जीबीच्या दोन स्टिकांचं एकच किट घ्या आणि जुनी जोडी विकून टाका.