नव्या ध्वनिमुद्रिकेचे परीक्षण : तात्कालिक समीक्षेचा एक प्रश्न

कोणत्याही कलाकृतीच्या प्रथमदर्शनी केलेल्या मूल्यमापनाला कितपत प्रामाण्य द्यावे, हा समीक्षाशास्त्रातील जुना प्रश्न आहे. ग्रंथपरीक्षण आणि नाट्यपरीक्षण यांच्या संदर्भात त्याची चर्चा भारतीय भाषांत पुष्कळ झाली आहे. परंतु पाश्चात्त्य पॉप आणि रॉक संगीताच्या नव्या ध्वनिमुद्रिकांवरील अभिप्रायांत या प्रश्नाचे जे रूप दिसते, ते साहित्याच्या अभ्यासकालाही उद्बोधक वाटावे असे आहे. मैफलीचे परीक्षण वाचणाऱ्याला ती मैफल पुन्हा ऐकता येत नाही. केशवराव भोळे यांच्यासारख्या मर्मज्ञाने गायकाविषयी जे लिहिले, ते बव्हंशी त्याच्या साक्षीवर स्वीकारावे लागते. ध्वनिमुद्रिका मात्र तशीच टिकून राहते. त्यामुळे परीक्षकाच्या विधानाची कसोटी पुढील प्रत्येक पिढी घेऊ शकते.

रॉक संगीताची स्वतंत्र समीक्षा अमेरिकेत १९६६ च्या सुमारास आकाराला आली. त्या वर्षी पॉल विल्यम्स यांनी ‘क्रॉडॅडी’ हे नियतकालिक काढले आणि १९६७ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ निघाले. १९६९ पासून रॉबर्ट ख्रिस्तगाउ यांनी ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये एकेका ध्वनिमुद्रिकेला थोडक्या शब्दांत तोलून शाळेतील गुणपत्रिकेप्रमाणे श्रेणी देण्याची प्रथा सुरू केली. ग्राहकाने पैसे खर्चावे की नाही हे सांगणे आणि कृतीचा अर्थ लावणे, ही दोन कार्ये तेव्हापासून या परीक्षणांत एकत्र नांदत आली आहेत. त्यांच्यातील ताण हाच या समीक्षेचा स्थायीधर्म होय.

पहिले उदाहरण बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ या १९६७ च्या ध्वनिमुद्रिकेचे. तिचे स्वागत सर्वत्र जल्लोषात होत असता रिचर्ड गोल्डस्टाइन या तरुण समीक्षकाने जून १९६७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये प्रतिकूल परीक्षण लिहिले. ध्वनिपरिणामांची रेलचेल गीतरचनेच्या दुबळेपणावर पांघरूण घालते, असा त्यांच्या आक्षेपाचा आशय होता. ‘अ डे इन द लाइफ’ या अखेरच्या गीताची मात्र त्यांनी मुक्तकंठाने प्रशंसा केली. वाचकांकडून निषेधाचा वर्षाव झाला. ते परीक्षण लिहिताना आपल्या ध्वनियंत्राचा एक ध्वनिक्षेपक नादुरुस्त होता, असे गोल्डस्टाइन यांनी पुढे स्वतःच सांगितले.

या कबुलीमुळे प्रकरण हास्यास्पद ठरवून बाजूला सारणे सोपे आहे; पण ते योग्य नव्हे. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त अलंकाराची कसोटी सांगितली आहे : रसाविष्ट कवीला जो वेगळा यत्न न करता साधतो, म्हणजे जो ‘अपृथग्यत्ननिर्वर्त्य’ आहे, तोच अलंकार काव्याचे अंग होय. गोल्डस्टाइन यांचा आक्षेप नेमका याच जातीचा आहे. ध्वनिपरिणामांसाठी केलेला वेगळा यत्न त्यांना ऐकू येत होता. अखेरच्या गीतात तो ऐकू आला नाही, म्हणून ते गीत त्यांना मान्य झाले. त्यांची कसोटी भक्कम होती. गृहीतक मात्र अपुरे होते. ऑगस्ट १९६६ नंतर बीटल्सनी जाहीर दौरे थांबवले होते. निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्या साहाय्याने चार ध्वनिपट्ट्यांच्या यंत्रावर थरांवर थर चढवून ही कृती घडली. येथे मुद्रणशाळा हेच वाद्य झाले होते. आधी गीत आणि मग त्याची सजावट, हा क्रमच जेथे मोडला, तेथे सजावट कशाला म्हणावे, हा प्रश्न नव्याने विचारणे आवश्यक होते.

दुसरे उदाहरण याहून वेगळे आहे. १९७० मध्ये बर्मिंगहॅमच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या चौघांच्या संचाची त्याच नावाची पहिली ध्वनिमुद्रिका आली. ‘रोलिंग स्टोन’मध्ये लेस्टर बँग्ज यांनी तिला ‘क्रीम’ या संचाची निकृष्ट नक्कल ठरवले. आज हीच कृती हेवी मेटल या प्रकाराच्या आरंभस्थानी ठेवली जाते. परीक्षकाजवळ त्या काळी तो प्रकारच नव्हता. म्हणून अपरिचिताला त्याने परिचित पूर्वसूरीच्या मापाने मोजले. नवकवितेला जुन्या वृत्तबद्ध कवितेच्या निकषांवर तोलणाऱ्या मराठी टीकाकारांची येथे सहज आठवण होते. बँग्ज यांचे मोठेपण असे, की १९७२ मध्ये ‘क्रीम’ याच नावाच्या, पण वेगळ्या वर्णलेखनाच्या नियतकालिकात त्यांनी या संचाविषयी दीर्घ लेख लिहून त्याच्या गाण्यांतील नैतिक गांभीर्य उलगडून दाखवले. त्यांचा अभिप्राय बदलला, तो कारणांसह बदलला.

तिसरे उदाहरण अपेक्षाभंगाचे. बॉब डिलन यांच्या ‘सेल्फ पोर्ट्रेट’वर ग्रील मार्कस यांनी १९७० मध्ये लिहिलेले परीक्षण त्याच्या उद्धट पहिल्या प्रश्नामुळे गाजले. डिलन यांच्या पूर्वकार्याने निर्माण केलेले ऋण ही कृती फेडत नाही, अशी ती तक्रार होती. २०१३ मध्ये त्याच काळातील अप्रकाशित मुद्रणे, काही नंतर चढवलेली वाद्ययोजना उतरवून, प्रसिद्ध झाली, तेव्हा सोबतची टिपणे लिहिण्यासाठी मार्कस यांनाच पाचारण करण्यात आले. मूळ परीक्षण खोडून टाकले गेले नाही. ते त्या कृतीच्या इतिहासाचा भाग बनले.

याउलट लिझ फेअर यांच्या २००३ मधील ध्वनिमुद्रिकेला ‘पिचफोर्क’ने दहापैकी शून्य गुण दिले. लोकप्रिय संगीताच्या वळणाने जाणे म्हणजे स्वतःशी प्रतारणा, हे त्यामागील गृहीतक होते. परीक्षकाने २०१९ मध्ये क्षमायाचना केली आणि २०२१ मध्ये त्याच नियतकालिकाने सहा गुण दिले. शून्याचे सहा झाले, पण आकडा आकड्याशी वाद घालू शकत नाही. २००४ मध्ये केलेफा सॅने यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधील लेखात रॉकनिष्ठेच्या पूर्वग्रहावर जी टीका केली, ती अधिक मूलगामी होती, कारण तिने निवाड्याऐवजी निवाड्यामागील मूल्यव्यवस्था तपासली.

या चारही उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. तात्कालिक परीक्षणाचे मूल्य त्यातील निर्णय काळाने खरा ठरवला की खोटा, यावर अवलंबून नसते. गोल्डस्टाइन आणि बँग्ज यांचे निर्णय मागे पडले; तरी त्यांनी काय ऐकले आणि कोणत्या अपेक्षेने ऐकले, हे त्यांच्या लेखनावरून आजही समजते. त्यामुळे कृती नवी असताना ती कानाला कशी खटकली, याची नोंद उरते. पुढे अभिजात ठरलेल्या कृतीच्या बाबतीत हीच नोंद सर्वांत दुर्मिळ असते, कारण सवय झालेल्या कानाला ती पुन्हा करता येत नाही. ज्या परीक्षणात केवळ निर्णय असतो, ते चुकल्यास निरर्थक होते आणि बरोबर ठरल्यास अनावश्यक होते. कारणे देणारे परीक्षण चुकूनही उपयोगी पडते. भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाने जुन्या नियतकालिकांतील विस्मृत परीक्षणांकडे याच दृष्टीने वळणे अगत्याचे आहे.