ग्रंथालयात लायब्ररी सापडेना!

आमच्या ग्रंथालयात महाविद्यालयाच्या जुन्या वार्षिक अंकांची सूची संगणकावर आहे. दिवाळीच्या सुटीत आम्ही चौघांनी बसून तिच्यात एकेक लेख आणि पानांची छायाचित्रे भरली. पुढे जुना संगणक थकला, सगळे नव्यावर हलवले, आणि छायाचित्रे दिसेनात. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला आठवडा उरला होता. ‘लायब्ररी सापडली नाही’ हा संदेश ग्रंथपालांना दाखवला, तर चष्मा पुसत म्हणाले, “मग मी बसलोय कुठे?”

ही लायब्ररी निराळी. जावा भाषेतला प्रोग्राम एका मधल्या सांकेतिक भाषेत उतरतो आणि जावाचे यंत्र दुभाष्यासारखे ती त्या त्या संगणकाला समजावते. म्हणून तो विंडोजवर चालतो तसा लिनक्सवरही चालतो. परंतु काही कामे (आमच्याकडे छायाचित्रे लहान करणे) थेट यंत्राच्या बोलीतल्या फाइलकडे सोपवलेली असतात. विंडोजवर तिला डीएलएल म्हणतात. इथे दुभाषा नाही. बोली जुळली तर जुळली.

पहिले दोन दिवस मी फुकट घालवले. टॉमकॅट हा जावाचा वेब सर्व्हर सुरू होताना आपली स्वतःची नेटिव्ह लायब्ररी मिळाली नाही, असे लॉगमध्ये लिहितो. ती ओळ नुसती माहितीची. तिच्यावाचून त्याचे अडत नाही. खरे दुखणे बरेच खाली होते : ‘अनसॅटिस्फाइड लिंक एरर’. नाव एक, रोग अनेक. निदान त्यापुढच्या वाक्यात असते, आणि नेमके तेच मी वाचत नव्हतो.

आधी वाक्य होते, की डीएलएल जावाच्या शोधमार्गावर नाही. मी ती सिस्टीम३२ या फोल्डरात टाकली. वाक्य बदलले : ३२-बिट डीएलएल ६४-बिट जावात चढवता येत नाही. म्हणजे फाइल सापडली होती, बोली जुळत नव्हती! (गंमत अशी, की ६४-बिट विंडोजमध्ये सिस्टीम३२ हे घर ६४-बिट फाइलींचे, आणि ३२-बिट फाइली सिसवाव६४ मध्ये राहतात. नावावर जाणारा फसलाच.) ६४-बिट डीएलएल आणून वेगळ्या फोल्डरात ठेवली आणि सर्व्हर सुरू करणाऱ्या बॅच फाइलीत त्या फोल्डरचा पत्ता लिहिला. आता वाक्य आले, की ही ज्यांच्यावर अवलंबून आहे त्या लायब्ररी नाहीत. नव्या संगणकावर व्हिज्युअल सी प्लस प्लसचे रनटाइम घातलेलेच नव्हते. ते घातले, आणि पाने दिसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा अंधार! रात्री मी सर्व्हर हाताने सुरू केला होता. सकाळी शिपाईमामांनी संगणक लावताच तो विंडोजची सर्व्हिस म्हणून आपोआप उठला. सर्व्हिस बॅच फाइल वाचत नाही. शोधमार्ग तिच्या स्वतःच्या जावा ऑप्शन्समध्ये लिहावा लागतो. तेवढी एक ओळ लिहिली.

मेळाव्यात एक आजी १९७४ च्या अंकातली आपली कविता शोधत आल्या. पान उघडले. त्यांनी आधी छपाईची चूक दाखवली.