हर्षद संख्या : चौथीच्या वर्गात संख्यांचे प्रकार शिकवताना



सम, विषम, मूळ, संयुक्त, जोडमूळ, त्रिकोणी... शिष्यवृत्तीच्या तयारीला लागलं की मुलांच्या वहीत ही यादी उतरते. व्याख्या पाठ होतात, चाचणीत गुणही मिळतात. पण "५१ मूळ आहे का?" असं विचारलं की निम्मा वर्ग "हो" म्हणतो, कारण ५१ दिसायलाच तशी आहे! व्याख्या तोंडपाठ असते, पण ती ५१ ला लावून बघायची असते हे डोक्यात नसतं.

मला वाटतं, लहान मुलांना संख्येचा प्रकार म्हणजे संख्येला विचारलेला एक प्रश्न, असं सांगावं. चिंचोके घ्या. "सगळ्यांच्या जोड्या लागतात का?" हा झाला सम-विषमचा प्रश्न. "एकापेक्षा जास्त ओळींत सारखे मांडता येतात का, म्हणजे प्रत्येक ओळीत निदान दोन?" हा मूळ-संयुक्तचा. १२ चिंचोके ३ ओळींत ४-४ बसतात. १३ घेतले की मूल हैराण होतं, एकच लांब रांग होते. ५१ घेतले तर ३ ओळींत १७-१७ बसतात, आणि मग ५१ ला मूळ म्हणायची हिंमत कोणी करत नाही. नाव शेवटी सांगायचं, आधी चिंचोके हलवू द्यायचे.

पण सम आणि मूळ हे प्रकार मुलांना कुठूनतरी वरून आल्यासारखे वाटतात. म्हणून मी एक असा प्रकार घेते जो आपल्याच महाराष्ट्रातल्या एका शाळामास्तरांनी शोधला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ चा, डहाणूचा. फर्ग्युसन कॉलेजात असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं, १९२९ ला बी.एस्सी. झाले, आणि मग १९६२ पर्यंत नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवत राहिले. पुढची पदवी नाही, विद्यापीठात नोकरी नाही. संख्यांशी खेळणं मात्र कधी थांबलं नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्याबद्दल लिहिलं तेव्हा जगभर नाव झालं. ६१७४ ही 'कापरेकर स्थिरांक' तुम्ही ऐकली असेल. पण ती चार अंकी वजाबाकीची आहे, हातचे घेताना लहान मुलं दमतात. चौथीला हर्षद संख्या बरी.

हर्षद म्हणजे हर्ष देणारी. प्रश्न असा : संख्येतल्या अंकांची बेरीज करा, त्या बेरजेने त्याच संख्येला निःशेष भाग जातो का? १८ घ्या. १ + ८ = ९, आणि १८ ला ९ ने भाग जातो. झाली हर्षद. १९ घ्या. १ + ९ = १०, भाग जात नाही. बेरीज, पाढे आणि भागाकार एवढंच लागतं, आणि गंमत म्हणजे सराव होतोय हे मुलांच्या लक्षातही येत नाही.

इथे आपल्या सोलापुरात एक वेगळी गोष्ट दिसते. अंकांची बेरीज करायची तर संख्येतले अंक सुटे दिसले पाहिजेत. मराठीत 'सत्तावीस' म्हणताना सात आधी येतो आणि वीस नंतर. 'एकोणतीस' मध्ये तर दोनही ऐकू येत नाही आणि नऊही. मूल तीस ऐकतं आणि ३९ लिहून मोकळं होतं. पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या घरांत मात्र २७ ला 'इरवै एडु' म्हणतात, म्हणजे वीस सात. कन्नडमध्येही 'इप्पत्तेळु', वीस आधी आणि सात नंतर. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस सात' अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मंगला नारळीकर तेव्हा गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. वाद कुणाला कसाही वाटो, आपल्या वर्गातली कितीतरी मुलं घरी तसंच मोजतात. त्यांना खुशाल घरच्या भाषेत संख्या म्हणू द्या आणि मग अंक लिहायला सांगा. एरवी मराठीत अडखळणारी मुलं इथे पटापट पुढे जातात, आणि शेजारच्याला सांगायलाही लागतात.

आता १ ते १०० चा तक्ता द्या आणि हर्षद संख्या रंगवू द्या. १ ते ९ सगळ्या रंगतात (का, ते मुलांनाच विचारा). दोन अंकी २३ निघतात : १०, १२, १८, २०, २१, २४, २७, ३०, ३६, ४०, ४२, ४५, ४८, ५०, ५४, ६०, ६३, ७०, ७२, ८०, ८१, ८४, ९०. शेवटी १०० आहेच. एकूण ३३.

तक्ता रंगला की घाई करू नका, खरा तास इथून पुढे आहे. कोणीतरी ओरडतंच, "बाई, नऊचा पाढा सगळा रंगलाय!" बरोबर आहे, ९ पासून ९० पर्यंत सगळ्या हर्षद. मग वर्ग नियम करतो की नऊच्या पाढ्यातली प्रत्येक संख्या हर्षद. लगेच खोडू नका, फक्त "नऊ अकरे?" एवढंच विचारा. ९९. अंकांची बेरीज १८, आणि १८ पंचे ९०, १८ सक १०८. नियम मोडला. दहा वेळा खरं ठरलं तरी अकराव्या वेळी मोडू शकतं, हे चौथीतलं मूल स्वतः बघतं. पुढे दहावीत सिद्धता कशाला हवी असं विचारणाऱ्या मुलांपैकी किती जणांनी हे लहानपणी पाहिलेलं असतं?

दुसरी गंमत ११, २२, ३३ अशा जुळ्या अंकांची. त्यातली एकही रंगत नाही. ११ ला २ ने भागा, साडेपाच. २२ ला ४ ने, साडेपाच. ८८ ला १६ ने, पुन्हा साडेपाच! पाढ्यात साडेपाच येत नाही म्हणून भाग जात नाही. हे मुलांना फार आवडतं.

तिसरी पाचवीच्या मुलांसाठी. त्याच तक्त्यावर मूळ संख्यांना गोल करा. दोन अंकी एकही मूळ संख्या हर्षद नाही. कारण मूळ संख्येला १ आणि ती स्वतः यांच्याशिवाय कुणीच भाग देत नाही, आणि दोन अंकी मूळ संख्येतल्या अंकांची बेरीज १ ही नसते आणि ती संख्याही नसते. दोन प्रकार एकमेकांना भेटले की व्याख्या पाठ करावी लागत नाही.

घरी करायला आपला पिनकोड द्या. ४१३००१ : अंकांची बेरीज ९, आणि ९ ने भागलं की ४५८८९. म्हणजे सोलापूरचा पिनकोड हर्षद निघाला! ४१३००४ ची बेरीज १२, भागाकार ३४४१७, तीही हर्षद. ४१३००२ वाल्यांची मात्र निराशा होते, बेरीज १० आणि शेवटी शून्य नाही. याच वेळी एक गोष्ट बोलून घ्या : पिनकोड ही मोजलेली संख्या नाही, ते टपालाच्या सोयीसाठी दिलेलं नाव आहे. बिड्या वळणाऱ्या आईची मजुरी हजारावर ठरते, तिथे हजार म्हणजे खरंच हजार बिड्या. शर्यतीतला तिसरा क्रमांक म्हणजे तीन मुलं नव्हेत. आणि ४१३००१ म्हणजे तेवढी पोस्ट ऑफिसं तर नव्हेतच. मोजणारी, क्रम सांगणारी आणि नाव देणारी संख्या हा भेद पहिलीपासून बोलता येतो, त्याला व्याख्या लागत नाही.

ज्यांच्या वर्गात हे पटकन संपेल त्यांच्यासाठी कापरेकरांचाच आणखी एक प्रकार : स्वयंभू संख्या. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १५ मध्ये ६ मिळवले की २१, म्हणजे २१ ला १५ ने जन्म दिला. पण २० ला जन्म देणारी संख्या शोधून बघा, सापडत नाही. अशा १०० पर्यंत १३ आहेत : १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७. ही यादी फळ्यावर लिहू नका. विसापासून पुढे दर वेळी अकराच कसे वाढतात, हे मुलांनीच येऊन तुम्हाला सांगू दे.