वडिलांनी सळया सोडल्यात, मग मजला चढवू का?

प्रश्न : कराडला 2000 चौरस फुटांच्या प्लॉटवर आमचं स्वतंत्र घर आहे, फक्त तळमजल्याचं. पुढं मुलगा वर मजला घेईल म्हणून वडिलांनी घर बांधतानाच गच्चीवर कॉलमच्या सळया सोडून ठेवल्या. आता तो मजला घ्यायचा आहे. गवंडी म्हणतो, जागा तुमची, सळया तयार, काम सुरू करू. शेजारी म्हणतात, हल्ली लहान घरांना परवानगी लागतच नाही. मेहुणे म्हणतात, बांधून टाका, घरपट्टी लागली की सगळं आपोआप कायदेशीर होतं. कुणाचं ऐकावं?

उत्तर : तिघांचीही माहिती अर्धवट आहे, तेव्हा मेहुण्यांसकट सगळ्यांना थोडं नाराज करावं लागेल. तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. वर बांधायला परवानगी मिळेल का, हा एक. खालचं घर तो भार पेलेल का, हा दुसरा. सळया या दोहोंपैकी एकाचंही उत्तर देत नाहीत. वडिलांची इच्छा काय होती, एवढंच त्या सांगतात.

आधी ‘जागा तुमची’ हे पाहू. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार बांधकामाला नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागते. तुमच्या बाबतीत हे प्राधिकरण म्हणजे नगरपरिषद. मालकी कुणाची, याचा कागद अर्जाला जोडावा लागतो, पण मालकी म्हणजे परवानगी नव्हे. तुमचा मजला वर गेला की शेजाऱ्याचा उजेड-वारा, गल्लीतलं गटार, पाण्याची लाइन या सगळ्यावर परिणाम होतो, आणि नियम त्यासाठी आहेत. उलट, ज्या कामाचा परिणाम घराच्या आतच राहतो किंवा बाहेरून घराचं रूप फारसं बदलत नाही, त्याला हाच कायदा सूट देतो. रंग काढा, फरशी बदला, ओटा नवा करा, कुणी विचारणार नाही.

आता हिशेब. प्लॉटवर एकूण किती बांधता येईल हे चटईक्षेत्र निर्देशांकावर ठरतं, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातला एफएसआय. तो शहराचा वर्ग, समोरच्या रस्त्याची रुंदी, भाग दाट वस्तीचा की बाहेरचा, यांवर बदलतो. समजा, तुमच्याकडे तो 1 आहे. 2000 चौरस फूट म्हणजे सुमारे 185 चौरस मीटर. खाली 90 चौरस मीटर बांधून झालं असेल, तर मूळ निर्देशांकात 95 उरले. पूर्ण मजला त्यात बसतो, पण जेमतेम. कारण डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत बाल्कनी आणि जिनाही मोजणीत धरतात. त्याची भरपाई म्हणून निवासी बांधकामाला अधिमूल्य भरून 60 टक्क्यांपर्यंत अनुषंगिक क्षेत्र घेता येतं. थोडक्यात, थोडं जास्त हवं असेल तर वाट आहे, पण ती फुकट नाही. (मुंबईकरांनी हा परिच्छेद स्वतःला लावू नये, त्यांची नियमावली वेगळी आहे.)

क्षेत्र बसलं तरी सामासिक अंतर बसलं पाहिजे. घराच्या चारी बाजूंना जी मोकळी जागा सोडायची, ती. आणि इथं बहुतेक घरांचा पाय घसरतो तो जिन्यावरून. तळमजल्याच्या घराला आतून जिना नसतो, म्हणून वरच्या मजल्यासाठी बाहेरून काढतात, आणि तो नेमका बाजूच्या मोकळ्या पट्टीत उतरतो. खोल्या नियमात आणि जिना नियमाबाहेर, असा नकाशा मग परत येतो. तेव्हा जिना कुठं घेणार हे पहिल्या दिवशी ठरवा.

शेजाऱ्यांची बातमी खोटी नाही, अपुरी आहे. नव्या नियमावलीत 150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवरच्या लहान घरांना पूर्वीसारखी वेगळी परवानगी लागत नाही, हे खरं. पण परवानाधारक अभियंत्याचा किंवा वास्तुविशारदाचा नकाशा, नियमांप्रमाणेच बांधत असल्याचं प्रतिज्ञापन आणि शुल्क भरल्याची पावती हे तिथंही लागतं. ती पावतीच परवानगी ठरते. शिवाय मर्यादा प्लॉटच्या क्षेत्राची आहे, बांधकामाच्या नव्हे. तुमचा प्लॉट 185 मीटरचा, म्हणजे 150 ते 300 च्या गटातला. तिथं परवानगी लागतेच, फक्त ती दहा दिवसांत मिळावी अशी तरतूद आहे.

मेहुण्यांचा सल्ला सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात महागात पडणारा. कर आकारणी ही वापराची नोंद आहे, बांधकामाला मान्यता नव्हे. महापालिकांच्या कायद्यात तर अनधिकृत बांधकामाला मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत शास्ती लावण्याची तरतूद आहे आणि ती भरल्यानं बांधकाम नियमित होत नाही, हेही तिथंच लिहिलेलं आहे. पिंपरी-चिंचवडचा शास्तीकर किती वर्षं गाजला ते आठवत असेल. नगररचना कायद्याप्रमाणे विनापरवानगी बांधकाम पाडायची नोटीस येऊ शकते आणि गुन्हाही दाखल होऊ शकतो. आणि हे काहीच झालं नाही, तरी घर विकताना किंवा कर्ज काढताना बँकेचा वकील मंजूर नकाशा मागतो आणि त्यात वरचा मजला नसतो.

आता सळयांकडे येऊ. कॉलम वर वाढवताना जुन्या आणि नव्या सळईची जोड साधारण सळईच्या जाडीच्या 45 ते 50 पट लांब लागते. 16 मिलिमीटरच्या सळईला म्हणजे पाऊण मीटरच्या आसपास. गच्चीवर वीतभर सोडलेल्या सळया त्याला पुरत नाहीत. त्यातून त्या इतके पावसाळे उघड्यावर उभ्या आहेत. गंज वरवरचा असेल तर घासून निघतो. सळई सोललेली, बारीक झालेली असेल तर ती कापून, कॉलमला भोक पाडून रसायनानं नवी बसवावी लागते. हे ठरवणं गवंड्याचं काम नाही.

पण सळया तर दिसतात तरी. खरा प्रश्न न दिसणाऱ्या फुटिंगचा आहे. पाया एका मजल्याचा धरून भरला होता की दोन? कृष्णाकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा पाया मुरमापर्यंत नेला होता का? शिवाय आपला भाग कोयनेच्या शेजारचा. 11 डिसेंबर 1967 चा भूकंप तुमच्याकडच्या जुन्या मंडळींना सांगावा लागत नाही. एखाद्या कॉलमजवळ खणून फुटिंगचा आकार पाहणं आणि काँक्रीटची चाचणी घेणं, हे काम स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आधी करून घ्या. पाया काठावर निघाला तर निराश होऊ नका. लाल विटेऐवजी हलके ब्लॉक वापरले की भिंतींचं वजन तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतं. कॉलमला जॅकेटिंगही, म्हणजे बाहेरून मजबुतीचं आवरण, करता येतं, मात्र त्याचा खर्च आधी विचारा.

कराडकरांना एक जादा तपासणी आहे, पूररेषेची. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आतल्या नव्या बांधकामाचा विचार सोडलेला बरा. दोन रेषांच्या मधे अटी लागतात.

‘वर पत्रा टाकला तर चालेल का’ असा पुढचा प्रश्न येणारच. गळतीसाठी चारी बाजूंनी उघडा पत्रा आणि पत्र्याखाली भिंती, खिडक्या, दार असलेली खोली यांत नियम फरक करतात. पहिल्यासाठीही नगरपरिषदेला विचारा. दुसरा प्रकार म्हणजे मजलाच.

अर्ज परवानाधारक अभियंत्यामार्फत ऑनलाइन जातो. 60 दिवसांत उत्तर नाही आलं तर कायद्यात मानीव परवानगीची सोय आहे, पण प्रस्ताव पूर्णपणे नियमात असेल तरच. नियमबाह्य नकाशाला दिवस मोजून परवानगी मिळत नाही. काम सुरू करण्याचं प्रारंभ प्रमाणपत्र एक वर्षाचं असतं आणि मुदतवाढ मिळते. काम झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र घ्यायला मात्र विसरू नका, हा कागद लोक हमखास सोडतात.

सध्या गवंड्याला आगाऊ रक्कम देऊ नका. तळमजल्याचा मंजूर नकाशा आणि पूर्णत्वाचा दाखला कपाटात शोधा. सापडला नाही तर नगरपरिषदेच्या नगररचना विभागाकडे प्रतीसाठी अर्ज करा. खालचं बांधकामच नकाशापेक्षा जास्त निघालं, तर ते आधी नियमित करून घ्यावं लागेल, आणि वरच्या मजल्याचा अर्ज त्यानंतर.