रब्बीतील हिरवी वैरण : वाणांची निवड आणि हंगामाचा हिशेब

दुग्धव्यवसायातील एकूण खर्चापैकी निम्म्याहून अधिक खर्च जनावरांच्या आहारावर होतो. २०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ४० लक्ष गोवर्गीय जनावरे आणि ५६ लक्ष म्हशी आहेत. या पशुधनाचा मुख्य आधार आजही कडबा हाच होय. पावसाळ्यात बांधावर आणि माळरानावर गवत असते. दिवाळीनंतर मात्र बांध सुकू लागतात, आणि मार्गशीर्ष उजाडेपर्यंत गव्हाणीत कडब्याखेरीज दुसरे फारसे काही उरत नाही. साखर कारखान्यांच्या परिसरात उसाचे वाढे मिळतात. ते हिरवे दिसत असले तरी त्यांतील ऑक्झलेटमुळे जनावराच्या शरीराला चुना, म्हणजेच कॅल्शियम, पुरेसा मिळत नाही. सतत वाढ्यांवर ठेवलेल्या गाई पुढे भाकड राहू लागल्या की, दोष जनावराच्या जातीला दिला जातो.

कडब्यात प्रथिनांचे प्रमाण जेमतेम तीन ते चार टक्के असते आणि अ जीवनसत्त्व जवळजवळ नसतेच. ही उणीव पशुखाद्याने भरून काढावयाची तर दुधाचा पैसा पशुखाद्यातच जिरतो. विहिरीचे थोडे पाणी हाताशी असलेल्या शेतकऱ्याला डिसेंबर ते मार्च या काळासाठी स्वतःची हिरवी वैरण पिकविता येते. तिची निवड करताना बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "सर्वांत जास्त उत्पन्न देणारा वाण कोणता?" हा प्रश्न चुकीचा नसला तरी अपुरा आहे. वैरणीचे पीक धान्यासारखे एकदा कापून कणगीत भरावयाचे नसते. दावणीला बांधलेल्या जनावराला ते रोज लागते. म्हणून वाण किती देतो याच्याइतकेच तो केव्हा देतो आणि किती दिवस देतो हेही पाहावे लागते.

थंड प्रदेशांतील अनुभव

थंड हवेच्या देशांत हा विचार फार पूर्वीपासून रुजलेला आहे. तेथील कुरणांचे प्रमुख गवत म्हणजे रायग्रास. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. इटालियन रायग्रास वर्ष-दोन वर्षे टिकते आणि झपाट्याने वाढते. बहुवर्षायू रायग्रासची वाढ त्या मानाने सावकाश होते, परंतु ते अनेक वर्षे चराईला तोंड देते. इंग्लंड व न्यूझीलंड येथे बहुवर्षायू रायग्रासच्या वाणांची वर्गवारी ओंबी केव्हा बाहेर पडते यावरून लवकर, मध्यम व उशिरा निसवणारे वाण अशी केली जाते. ओंबी निघाली की पाला कमी होऊन काडी वाढते आणि वैरणीचा कस उतरतो. तेथील पशुपालक ही वर्गवारी पाहून आपल्या कुरणांची आखणी करतो.

रायग्रासचा आणखी एक धडा उपयोगी आहे. गुणसूत्रांची संख्या दुप्पट करून तयार केलेल्या वाणांची पाने रुंद, रसरशीत व जनावरांना रुचकर असतात. त्यांचे हिरवे वजन डोळ्यांत भरते. परंतु त्या पानांत पाण्याचा अंशही अधिक असल्याने वैरण वाळवून वजन केल्यास साध्या वाणांशी असलेला फरक बराच कमी होतो.

भारतात लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने 'पंजाब रायग्रास नं. १' हा वाण दिला असून, तेथील दीर्घ हिवाळ्यात त्याच्या अनेक कापण्या मिळतात. दख्खनच्या पठारावर मात्र हे गणित जमत नाही. रायग्रासची उत्तम वाढ १८ ते २० अंश सेल्सिअसच्या आसपास होते. आपल्याकडे फेब्रुवारीतच दुपारचे तापमान ३० अंशांपलीकडे जाते आणि पुढील कापण्या हाती लागत नाहीत. रायग्रासचे बी आणून येथे हौस करण्यापेक्षा त्याच कुळातले, पण आपल्या आखूड हिवाळ्यात बसणारे पीक निवडणे शहाणपणाचे आहे. ते पीक म्हणजे ओट होय.

ओटचे वाण

ओट हे गव्हासारखे दिसणारे, मऊ काडीचे व भरपूर पाल्याचे पीक आहे. कोवळ्या ज्वारीत असणारे हायड्रोसायनिक आम्लाचे विष ओटमध्ये नसते, त्यामुळे फुलोऱ्यापूर्वीही ते निर्धास्तपणे कापता येते. पश्चिम महाराष्ट्र, खानदेश आणि मराठवाड्याच्या पठारी भागात ते चांगले येते. कोकणात थंडीच कमी पडत असल्याने तेथे त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

केंट हा परदेशातून आलेला जुना वाण आहे. नव्या वाणांच्या चाचण्यांत अनेक वर्षे त्याचाच मापदंड म्हणून उपयोग होत आला. तो उंच वाढतो आणि एकाच कापणीत भरघोस वैरण देतो. झाशी येथील भारतीय चराऊ कुरणे व चारा संशोधन संस्था १९६२ मध्ये स्थापन झाली. तिने दिलेल्या जे.एच.ओ. ८२२ या वाणाचा उपयोग एक कापणी वैरणीसाठी घेऊन पुढे पीक बियाण्यासाठी राखण्याकडेही करता येतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा 'फुले हरिता', म्हणजेच आर.ओ. १९, हा अनेक कापण्यांसाठी विकसित केलेला वाण आहे. पहिल्या कापणीनंतर तो जोमाने फुटतो आणि आपल्या हवामानात त्याच्या दोन कापण्या सहज मिळतात. चांगल्या व्यवस्थापनात दोन्ही कापण्या मिळून हेक्टरी ४५० ते ५०० क्विंटल हिरवी वैरण निघते.

या आकड्यांची तुलना करताना रायग्रासचा धडा विसरता कामा नये. उदाहरणादाखल, एका शेतातून ५०० क्विंटल वैरण निघाली आणि तिच्यात शुष्क अंश १५ टक्के होता, तर जनावराच्या पोटात प्रत्यक्षात ७५ क्विंटल आहार गेला. दुसऱ्या शेतातून ४०० क्विंटलच निघाली, पण शुष्क अंश २२ टक्के असला, तर तो आहार ८८ क्विंटल होतो. वरवर हरलेले शेत येथे जिंकते. मात्र शुष्क अंश वाढतो तो पीक जून होत जाताना, आणि त्याच वेळी प्रथिने घटत जातात. पोटऱ्यावस्थेपूर्वी कापलेला ओट प्रथिनांनी समृद्ध असतो, तर दाणा भरू लागलेला ओट पोट भरतो, पण दूध वाढवीत नाही. दुभत्या गाईसाठी कोवळी कापणी आणि भाकड जनावर किंवा बैलांसाठी फुलोऱ्यातील कापणी, असा भेद करणे त्यामुळे योग्य ठरते.

दहा गुंठ्यांचा हिशेब

दोन संकरित गाई असलेल्या शेतकऱ्याने वैरणीसाठी दहा गुंठे राखले असे धरू. प्रत्येक गाईला दररोज २५ किलो हिरवी वैरण आणि जोडीला कडब्याची कुट्टी द्यावयाची, म्हणजे रोजची गरज ५० किलोची झाली. त्याने १ नोव्हेंबरला दहाही गुंठ्यांत केंट पेरला, तर जानेवारीअखेर सर्व पीक एकदम फुलोऱ्यात येईल. उत्तम कसाची वैरण कापण्यासाठी हाती दहा-बारा दिवसच असतात आणि तेवढ्या काळात दोन गाई जेमतेम सहा क्विंटल खातील. उरलेले सारे पीक रोज थोडे थोडे निबर होत जाईल. डिसेंबर आणि जवळजवळ सबंध जानेवारी दावण कोरडीच राहील, ते वेगळेच.

आता त्याच दहा गुंठ्यांचे तीन सारखे भाग करून फुले हरितासारखा अनेक कापण्यांचा वाण १५ ऑक्टोबर, ३० ऑक्टोबर आणि १४ नोव्हेंबर असा टप्प्याटप्प्याने पेरला, तर चित्र पालटते. पहिल्या भागाची कापणी सुमारे ८ डिसेंबरला सुरू होते. एका भागातून एका कापणीत साधारण साडेसात ते आठ क्विंटल वैरण मिळते. ती दोन गाईंना पंधरा दिवस पुरते, आणि तोपर्यंत दुसरा भाग कापणीस येतो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्याअखेर तिसरा भाग सुरू होतो. तो संपतो तेव्हा पहिल्या भागाला फुटून पंचेचाळीस दिवस झालेले असतात व तेथे दुसरी कापणी करता येते. असा फेरा ८ मार्चच्या सुमारास पूर्ण होतो. जमीन, खत आणि श्रम जवळजवळ तेवढेच लागून दावणीला सलग तीन महिने हिरवी वैरण मिळते. प्रत्यक्षात थंडी कमी-अधिक झाली की तारखा चार-सहा दिवसांनी मागेपुढे होणारच.

याचा अर्थ केंट टाकाऊ आहे असा मुळीच नव्हे. ज्याची विहीर जानेवारीतच तळ गाठते त्याला दुसऱ्या कापणीचे पाणी देता येत नाही. अशा शेतकऱ्याने एका कापणीचा वाण ऑक्टोबरच्या मध्यावर पेरावा आणि दाणा दुधाळ होऊन घट्ट होऊ लागताच सर्व पीक कापून, किंचित सुकवून, त्याचा मुरघास करावा. मुरघासाच्या खड्ड्यात एका घनमीटरला सुमारे पाचशे ते सहाशे किलो कुट्टी दाबून बसते. तेव्हा ४० क्विंटल वैरणीला सात-आठ घनमीटरचा खड्डा पुरे होतो. १९७२ च्या दुष्काळात दावणी रिकाम्या झाल्या, आणि अलीकडे २०१२-१३ व २०१८-१९ मध्येही जनावरे चारा छावण्यांत न्यावी लागली. उन्हाळ्यापूर्वीच भरून ठेवलेल्या खड्ड्याचे मोल अशा वर्षी कळते.

लसूणघास व बरसीम

ओटची तुलना नेहमी लसूणघासाशी केली जाते. लसूणघासात प्रथिने १८ ते २० टक्के, म्हणजे ओटच्या जवळजवळ दुप्पट असतात. राहुरीचा आर.एल. ८८ हा वाण एकदा पेरल्यावर तीन-चार वर्षे राहतो आणि पहिल्या कापणीनंतर दर २५ ते ३० दिवसांनी कापता येतो. परंतु त्याला उन्हाळ्यातही पाणी लागते. बरसीमला तर हिवाळ्यातच आठ-दहा दिवसांआड पाळी द्यावी लागते. ओटचे पीक पाच-सहा पाळ्यांत निघते. बारमाही पाणी असलेल्याने लसूणघास जरूर लावावा. ज्याचे पाणी फाल्गुनात संपते त्याच्या हाती लसूणघासाचे वाळलेले वाफेच राहतात. शिवाय द्विदल वैरण एकटीच व भुकेल्या पोटी घातल्यास पोटफुगीचा धोका असतो. दोन भाग ओट व एक भाग लसूणघास असे मिश्रण घातल्यास हा धोका पुष्कळ कमी होतो आणि पशुखाद्यातही बचत होते.

लागवडीतील काही गोष्टी

ओटसाठी हेक्टरी १०० किलो, म्हणजे गुंठ्याला एक किलो बियाणे लागते. वाफसा येताच ते पाभरीने २५ ते ३० सेंटिमीटर अंतरावर पेरावे. फोकून पेरणी केल्यास बी जास्त लागते व खुरपणी अवघड होते. हेक्टरी १०० ते १२० किलो नत्र व ४० किलो स्फुरद पुरेसे होते आणि पालाश मातीपरीक्षण पाहून द्यावे. नत्र मात्र कधीही एकदम देऊ नये. त्याचे तीन हप्ते करून शेवटचा हप्ता पहिल्या कापणीनंतर पाण्याच्या पाळीबरोबर द्यावा, कारण दुसरी फूट त्यावरच अवलंबून असते. कापणी जमिनीपासून आठ-दहा सेंटिमीटर उंचीवर करावी. मजूर विळा जमिनीलगत चालवितात, कारण पेंढी मोठी दिसते. मात्र त्यात फुटव्याचे डोळेच कापले जातात आणि मग वाण फुटला नाही अशी तक्रार होते.

नत्राचा अतिरेक आणि त्याच वेळी पाण्याचा ताण किंवा अनेक दिवसांचे ढगाळ हवामान असे जुळून आले, तर ओटच्या काडीत नायट्रेट साठते व जनावरास विषबाधा होऊ शकते. अशा वेळी पाणी देऊन काही दिवस थांबावे आणि पुढेही वैरण कडब्याच्या कुट्टीत मिसळूनच घालावी.

बियाणे

लसूणघासाचे बियाणे घेताना त्यात अमरवेलीचे बी नाही याची खात्री करून घ्यावी लागते. ही परोपजीवी वेल एकदा शेतात शिरली की निघता निघत नाही. शिवाय लसूणघास व रायग्रास ही परपरागीभवन होणारी पिके असल्याने शेतावर राखलेल्या बियाण्यात वाणाची शुद्धता टिकविणे कठीण जाते. ओट हे स्वपरागीभवन होणारे पीक आहे. त्यामुळे विद्यापीठाकडून किंवा खात्रीच्या ठिकाणाहून एकदा शुद्ध बियाणे आणले, तर ते काही वर्षे घरीच राखता येते. पहिल्या टप्प्यातील एक गुंठा पहिल्या कापणीनंतर तसाच वाढू द्यावा, त्यातील वेगळी दिसणारी व रोगट झाडे उपटून टाकावीत आणि दाणे पक्व झाले की पाखरे व गळ यांपूर्वी कापून मळणी करावी. त्या गुंठ्यातून दहा किलो बी निघाले, तरी पुढील वर्षीच्या दहा गुंठ्यांची सोय होते. मळणीनंतर उरलेले काड कडब्याच्या गंजीवर टाकता येते.