बेळगावची गाडी, पुण्याचा रस्ता

प्रश्न : नोकरीसाठी बेळगावहून पुण्याला आले. स्कूटर ‘केए’ पासिंगची, लायसन्सही कर्नाटकचं. महिन्याभरात दोन्ही बदलले नाहीत तर स्कूटर जप्त होते, असं शेजारी सांगतात. खरं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही, निर्धास्त राहा. लायसन्स भारतभर चालतं. मुदत संपेपर्यंत नवं काढायची गरज नाही.

गाडीचं थोडं वेगळं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४७ नुसार परराज्यातली गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ इथे राहिली, तर ‘एमएच’ क्रमांक घ्यावा लागतो. वर्षभरात परतणार असाल, तर हा खटाटोप नको. राहणार असाल, तर आधी बेळगावच्या आरटीओकडून ना-हरकत प्रमाणपत्र मिळवा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमतीही लागेल. मग पुण्याच्या आरटीओत नमुना २७ चा अर्ज आणि इथला रस्ता कर. कर्नाटकात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण त्यासाठी अर्ज तुम्हालाच करावा लागतो. अनेक जण नेमकं तेच विसरतात!

नवा क्रमांक विमा कंपनीला लगेच कळवा. विमा, पीयूसी आणि हेल्मेट मात्र पहिल्या दिवसापासून हवंच. त्यात नव्या रहिवाशाला सवलत नाही.