बलाबलाचे गणित

दोन मल्लांची कुस्ती संपली म्हणजे जिंकणारा कोण, हे सर्वांस दिसते. पण त्या विजयाचे मोल किती, हे दिसत नाही. नामांकित मल्लाने नवशिक्यास चीत केले, तर त्यात नवल ते काय? उलट नवशिक्याने नामांकितास आसमान दाखविले, तर गावोगाव त्याचीच चर्चा होते. हा साधा न्याय अंकांत मांडण्याचे काम आर्पाद एलो या प्राध्यापकांनी केले. आणि तेही कुस्तीसाठी नव्हे, तर बुद्धिबळासाठी.

एलो यांचा जन्म १९०३ साली हंगेरीत झाला. बालपणीच ते आईवडिलांबरोबर अमेरिकेस गेले व पुढे मिल्वॉकी येथे पदार्थविज्ञान शिकवू लागले. विस्कॉन्सिन राज्याचे बुद्धिबळातील अजिंक्यपद त्यांनी आठ वेळा मिळविले होते. त्या काळी अमेरिकेत खेळाडूंच्या गुणांकनाची एक पद्धत रूढ होती. तिच्यात प्रतिस्पर्ध्यांच्या सरासरीला एवढे महत्त्व होते, की एखादा दुबळा खेळाडू बलवानांच्या स्पर्धेत उतरून सर्वच्या सर्व डाव हरला, तरी त्याचे गुणांकन क्वचित वाढत असे! एलो यांनी सुचविलेली नवी पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने १९६० साली व जागतिक संघटनेने १९७० साली स्वीकारली.

या पद्धतीचे मर्म 'अपेक्षा' या एका शब्दात आहे. विजयाला १ गुण, बरोबरीला अर्धा. समजा, एका खेळाडूचे गुणांकन १८०० व दुसऱ्याचे १६०० आहे. २०० चे अंतर असता वरचढ खेळाडूने दर डावामागे सरासरी ०.७६ गुण मिळवावेत, अशी अपेक्षा असते, दुसऱ्याकडून ०.२४ ची. डाव संपल्यावर प्रत्यक्ष गुणांतून अपेक्षित गुण वजा करावयाचे आणि येणाऱ्या बाकीला एका ठरावीक अंकाने गुणावयाचे. तो अंक २० धरू. वरचढ खेळाडू जिंकला, तर त्याची कमाई अवघी ४.८. मात्र तो हरला, तर १५.२ गुण गमावून बसतो आणि तेवढेच प्रतिस्पर्ध्याच्या खाती जमा होतात. बरोबरी झाली, तरी त्याला ५.२ चा तोटा होतोच. न हरताही नुकसान सोसावे लागते, याचे प्रथम आश्चर्य वाटते. परंतु दुबळ्याने बलवानास रोखून धरले, याची नोंद कोठेतरी व्हावयास नको काय?

गुणावयाचा अंक सर्वांस सारखा नसतो. नव्या खेळाडूंना आणि २३०० हून कमी गुणांकन असलेल्या मुलांना तो ४० असतो, कारण वाढत्या वयात खेळ झपाट्याने सुधारतो. एकदा २४०० चा टप्पा गाठला, की तो १० वर येतो.

२०२५ साली जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरची दिव्या देशमुख व कोनेरू हंपी यांची गाठ पडली. दिव्याचे गुणांकन सुमारे ८० ने कमी होते. पहिले दोन्ही डाव बरोबरीत सुटले, आणि त्या प्रत्येक बरोबरीने दिव्याच्या पदरात गुणाहून किंचित अधिक भर पडली. चषक तिने जिंकला तो त्यानंतरच्या जलद डावांत. त्या डावांचे गुणांकन निराळे ठेवतात.

स्क्वॉशसारख्या खेळांतही याच विचाराच्या पद्धती वापरतात. तेथे काही वेळा सामना कोणी जिंकला एवढेच न पाहता, किती गुणांच्या फरकाने जिंकला, हेही हिशेबात धरतात.

मात्र हे गणित खरे ठरण्यास खेळाडूंचे मिसळणे आवश्यक असते. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या तुरुंगातील एक कैदी आपल्या सोबत्यांशी शेकडो डाव खेळला. १९९६ साली त्याचे गुणांकन २७०२ झाले व साऱ्या देशाच्या यादीत त्याचे नाव दुसरे आले! त्याने हे मुद्दाम घडवून आणले की काय, याविषयी वाद झाला. त्याने तो आरोप नाकारला. नवे कैदी येत, खेळू लागत व हरत. प्रत्येकाकडून थोडे थोडे गुण त्याच्याकडे येत राहिले. आणि बाहेरच्या बलवान खेळाडूंशी गाठच न पडल्यामुळे ते परत फेडण्याची वेळ त्याच्यावर आली नाही.